आत माणूस आहे

कपाटातल्या निळ्या फाइलमधून दोन कागद आणायचे होते, एवढंच काम होतं. मुलीचं ओळखपत्र आणि तिचा जन्मदाखला. दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंनी चिठ्ठीवर तसं लिहून दिलं होतं आणि वर "सावकाश या, घाई नाही" असंही म्हणाल्या होत्या.

घाई नव्हती हे काही खरं नव्हतं. संध्याकाळी पाचला दुसरी तपासणी होती. पहिली सकाळी अकराला झाली. दोन वेगळे डॉक्टर, मध्ये सहा तासांचं अंतर, आणि दोघांनी आपापलं तपासून एकच उत्तर दिलं, तरच मेंदू गेला असं धरायचं, हा तिथला नियम. मिस्त्रींना तो ऐकताक्षणी पटला होता. त्यांच्या धंद्यातही असाच एक नियम होता आणि तो त्यांनी स्वतः घालून दिलेला होता.

मिस्त्री म्हणजे लिफ्टमिस्त्री. चाळीस वर्षं त्यांनी लोकांना वर नेलं आणि खाली आणलं. गुडघे गेले तेव्हा काम मुलीनं घेतलं. बाईमाणूस शाफ्टमध्ये, लिफ्टच्या त्या उभ्या विहिरीत, उतरणार म्हटल्यावर गिऱ्हाइकांनी आधी तोंडं वाकडी केली. एका सोसायटीचे अध्यक्ष तिला म्हणाले होते, "आमच्या लिफ्टला काय पावडर-कुंकू लावणार का?" तर ही म्हणाली, "काका, तुमची लिफ्ट तीन महिने बंद होती, तेव्हा सगळे बाप्येच होते ना कामावर?" दुसऱ्या दिवशी लिफ्ट सुरू झाली. तेव्हापासून बाप थोरले मिस्त्री आणि ती धाकटी मिस्त्री. चौदा वर्षांत तिनं दुरुस्त केलेल्या लिफ्टमध्ये कुणाचं बोटसुद्धा चेमटलं नव्हतं. मिस्त्री हे चारचौघांत बोलून दाखवत नसत. पण तिच्याबरोबर रस्त्यानं चालताना उंच इमारत आली की मान वर करून बघत आणि विचारत, "ही तुझी का?"

परवा सकाळी ती स्वतःच्याच इमारतीची लिफ्ट दुरुस्त करत होती. ब्रेकचा एक भाग झिजला होता. तो आणायला स्कूटरवरून गेली आणि चौकातून परत आलीच नाही. डोक्याला मार. बाकी अंगावर ओरखडासुद्धा नव्हता.

आता ती काचेपलीकडे निजली होती. हात गरम होता. छाती वर जात होती, थांबत होती, खाली येत होती. मिस्त्रींनी घड्याळ लावून मोजलं होतं, मिनिटाला चौदा वेळा. एकदाही कमीजास्त नाही. यंत्राच्या त्या श्वासात आधी एक बारीक खट् असे, मग फुस्कारा.

समुपदेशक बाई तरुण होत्या, पण बोलण्यात पोक्तपणा होता. त्यांनी काही पढवलं नाही. दुसरी तपासणीही तशीच निघाली, तर तिचे अवयव सहा जणांना देता येतील, आणि तुम्ही नाही म्हणालात तरी कुणी तुम्हाला एका शब्दानं बोलणार नाही, एवढंच सांगितलं. मग उठून बाहेर गेल्या.

मिस्त्रींची बायको बराच वेळ पदराचा काठ दुमडत बसली. मग म्हणाली, "तिनं कधी काही म्हटलं होतं का हो, याबद्दल?"

"नाही."

"मलाही नाही." ती काचेकडे बघत राहिली. "देण्याला माझी ना नाही. लोकांना वर न्यायचं कामच होतं तिचं. पण अहो... ती आत असली तर?"

मिस्त्रींनी काचेवर तळवा टेकवला.

"डॉक्टर शिकलेत, खोटं नाही बोलणार. पण ते तिला परवापासून ओळखतात. तुम्ही मिस्त्री आहात. जन्मभर हेच बघितलंत, आत कुणी आहे की नाही. ती आत आहे की नाही, ते तुम्ही सांगा. तुम्ही नाही म्हणालात की मी सही करते."

तिला ठाऊक होतं की ती काय मागते आहे. दुसऱ्या कुणी हे मागितलं असतं तर मिस्त्री उठून गेले असते.

कारण एकदा त्यांनी ते सांगितलं होतं आणि ते चुकलं होतं. सव्वीस वर्षांचे होते तेव्हा. जोडीदार होता, सगळे लंबू म्हणायचे. लंबू शाफ्टमध्ये, हे वर मेन स्विचपाशी. ठरलेलं असं की काम संपवून बाहेर आला की लंबूनं पान्यानं तीन ठोके द्यायचे. ठोके आले, तीन. ह्यांनी करंट दिला. लंबू आतच होता. बोल्ट बसत नव्हता म्हणून त्यानं तीनदा हाणला होता.

त्यानंतर मिस्त्रींनी नियम केला. आत उतरणाऱ्यानं मेन स्विचला स्वतःचं कुलूप लावायचं, चावी स्वतःच्या खिशात ठेवायची. ज्याचं कुलूप, त्यानंच काढायचं. कुलपाला पाटी, तीवर ठळक अक्षरांत: आत माणूस आहे. आणि बाहेर आल्यावर तीन ठोके द्यायचे ते शाफ्टच्या माथ्यावरच्या मशिनरूमच्या दाराच्या बाहेरच्या चौकटीवर. तिथं आतल्या माणसाचा हात पोचूच शकत नाही. स्विचपाशी असलेल्यानं विचारायचं, "आलास?" दुसऱ्यानं म्हणायचं, "आलो." मगच करंट. कुलूपवाला येऊच शकला नाही, तर दोघा जणांनी वेगवेगळं जाऊन प्रत्येक मजल्यावर दारावर थाप मारून विचारायचं. दोघांचं एक पडलं तरच कुलूप तोडायचं.

धाकटी आठ वर्षांची असल्यापासून हा नियम तोंडपाठ म्हणायची, पाढ्यासारखा.

भर दुपारी दोनला मिस्त्री इमारतीत शिरले. दाराशी सेक्रेटरी खुर्ची उचलून नेत होते. त्यांनी प्रत्येक जिन्याच्या वळणावर एकेक खुर्ची ठेवली होती, म्हाताऱ्यांना दम खायला.

"बसा जरा, मिस्त्री. पाणी आणू?"

"नको. लोकांना त्रास होतोय. दुसऱ्या कंपनीचा माणूस बोलवा. मी लिहून देतो."

"कसला त्रास? तिसऱ्या मजल्याच्या वकिलांचा पट्टा दोन दिवसांत एक भोक आत गेला. बायको खूश आहे त्यांची." सेक्रेटरी हसायला गेले, पण ते हसू काही जमलं नाही. "तिचं कुलूप आहे वर. ती आल्याशिवाय कोण हात लावील? म्हणजे..." ते थांबले. खुर्चीचा पाय डुगडुगत नसतानाच डुगडुगतोय असं बघू लागले.

मिस्त्री जिना चढायला लागले. त्या वेळी इमारतीत सहसा कुणी नसतं. माणसं कामाला, मुलं शाळेत. कुठं नळ नाही, कुठं रेडिओ नाही. पहिल्या मजल्यावर त्यांनी लिफ्टच्या दारावर हात टेकून दम घेतला. लोखंड गार होतं. दुसऱ्यावर खुर्ची होती, पण बसलं तर उठणार नाही असं वाटलं, म्हणून पुन्हा दारालाच टेकले. आणि हात आपोआप उठला. तळव्यानं दोनदा थाप मारून ते म्हणाले, "आत कोण आहे?"

सवय हो. दुसरं काही नाही. आपल्याच आवाजाचा त्यांना संकोच वाटला.

तिसऱ्यावर त्यांनी पुन्हा विचारलं. या वेळी सवयीनं नाही.

चौथ्या मजल्यावर त्यांनी थाप मारली आणि हात तसाच राहिला. दाराच्या पलीकडून, अगदी कानाशी असावा इतक्या जवळून, आवाज आला. खट्. मग फुस्कारा. मग काही नाही. मग पुन्हा, खट्...

त्यांनी दाराच्या इवल्याशा काचेला डोळा लावला. आत काळोख आणि त्या काळोखात उभे दोर, स्तब्ध. वारा असेल. वारा शाफ्टमध्ये शिरतो, शीळसुद्धा घालतो, चाळीस वर्षं ऐकलेली आहे. पण वारा घड्याळ लावून येत नाही. त्यांनी मनगट वर केलं. सेकंदकाटा फिरत होता आणि ते मोजत होते. बारा... तेरा... चौदा.

पळून खाली जावं असं वाटलं. पण खाली जाऊन बायकोला काय सांगणार? ते वर निघाले. पाचव्या मजल्यावर तो आवाज त्यांच्याबरोबर होता. सहाव्यावर, त्यांच्या घराच्या दारासमोरही होता. घरात शिरून त्यांनी कडी लावली. कपाट उघडलं, निळी फाइल काढली, दोन कागद घेतले. ओळखपत्रावरची धाकटी रागावून बघत होती. फोटोवाल्यानं हस म्हटलं असणार. काम झालं होतं. आता खाली उतरायचं, बस.

उंबऱ्यावर मिस्त्री थोडा वेळ उभे राहिले. मग उतरण्याऐवजी वर गेले.

सातव्या मजल्यावरून पुढं अरुंद लोखंडी जिना होता. पायऱ्यांवर दोन दिवसांची धूळ बसलेली. मशिनरूमचं दार त्यांनी ढकललं आणि आधी वास आला. ग्रीसचा. थंड ग्रीसला वास फारसा नसतो. यंत्र नुकतंच चालून थांबलेलं असलं की जो ऊबट, जड वास येतो, तो हा होता. करंट परवा सकाळपासून बंद. त्यांनी मोटारीवर तळवा ठेवला आणि काढून घेतला. तापलेल्या माणसाच्या कपाळाइतकी ती गरम होती.

मेन स्विच खाली पाडलेला. त्यावर धाकटीचं पितळी कुलूप आणि पाटी. पाटीवर तिचं अक्षर, ठसठशीत, जरा डावीकडं कललेलं.

आत माणूस आहे. हात लावू नये.

मिस्त्री त्या पाटीकडे बघत राहिले. या तीन शब्दांवर त्यांनी जन्मभर आंधळा विश्वास ठेवला होता. आणि पायाखाली, जमिनीत दोर उतरायला जी भोकं ठेवलेली असतात त्यांतून, तो श्वास वर येत होता. खट्. फुस्कारा. त्याचा गारवा घोट्यांना लागत होता.

ते गुडघ्यांवर बसले. बसताना कळ मस्तकात गेली. तोंड भोकाशी नेऊन त्यांनी विचारलं. ओरडले नाहीत. ती लहानपणी पांघरुणात तोंड खुपसून बसायची, तेव्हा विचारायचे तसं.

"बाळ... आत आहेस का?"

श्वास थांबला.

आत आला नाही, बाहेर गेला नाही. मध्येच थांबला. मिस्त्रींनी स्वतःचाही धरून ठेवला. किती वेळ, ते त्यांना पुढं कधी सांगता आलं नाही. खालून काहीही येईना. विहिरीत दगड टाकावा आणि पाण्याचा आवाजच येऊ नये, अशी ती शांतता होती. आत कुणी असलं की शाफ्ट भरलेला वाटतो. हे मिस्त्रीलाच कळतं, सांगून पटत नाही. तो शाफ्ट रिकामा होता.

आणि तेव्हा त्यांच्या पाठीमागं, दाराच्या बाहेरच्या चौकटीवर, लोखंडावर लोखंड वाजलं.

एक.

दोन.

तीन.

मिस्त्री वळले. दार सताड उघडं होतं. बाहेर सातव्या मजल्याचं ऊन जिन्यापर्यंत आलेलं, आणि त्या उन्हात कुणी नव्हतं. पायऱ्यांवरच्या धुळीत वर येणारी पावलं उमटली होती, ती त्यांची एकट्याची.

पण नियम नियम असतो. स्विचपाशी जो आहे, त्यानं विचारायचं.

"आलीस?"

उत्तर आलं नाही. ते थांबले. पुन्हा विचारलं. नियमातला शेवटचा शब्द त्यांना मिळाला नाही. तेवढं त्यांचं त्यांनाच ठरवायचं होतं. लंबूच्या वेळी ठोके ऐकून त्यांनी क्षणाचाही विचार केला नव्हता. या वेळी ते बराच वेळ तिथं बसून राहिले, पाटीकडे न बघता, दाराकडे बघत. मग कागद छातीशी धरून उठले. कुलपाला हात लावला नाही. उतरताना सातही मजल्यांवर त्यांनी दाराला कान लावला. कुठंच काही नव्हतं.

बायको काचेपाशीच उभी होती. जेवली नव्हती, हे विचारायची गरज नव्हती.

"मिळाले कागद?"

"मिळाले."

ती वाट बघत राहिली.

"आत नाही ती," मिस्त्री म्हणाले.

"नक्की?"

"मी बघून आलो."

कुठं, कसं, हे तिनं विचारलं नाही. नुसती मान हलवली. मग पदर खोचून म्हणाली, "आता मी बघते."

"मी सांगितलं ना."

"दोघांनी बघायचं असतं. आपापलं. तुमचाच नियम आहे ना?"

ती एकटी आत गेली. मिस्त्री काचेतून बघत होते. ती खाली वाकली, धाकटीच्या कानाशी तोंड नेलं आणि काहीतरी बोलली. सरळ झाली. पुन्हा वाकून तेच बोलली, जरा मोठ्यानं. शेजारची नर्स वळून बघायला लागली. मग तिनं धाकटीची चादर नीट केली, गालावरचा एक केस मागं सारला आणि बाहेर आली.

"काय म्हणालीस?"

"ऊठ, साडेसहा झाले, म्हटलं. तुझी लिफ्ट अडकलीय आणि आत माणूस आहे." तिचा चेहरा कोरडा होता. "रात्री दोनला निजली असली, ताप असला, तरी ह्या वाक्याला ती कधी पडून राहिलीय? शिव्या देत का होईना, उठायची. आत असती तर उठली असती हो."

पाच वाजता दुसऱ्या डॉक्टरांनी तपासलं. साडेपाचला त्यांनीही तेच सांगितलं. समुपदेशक बाईंनी कागद पुढं केला तेव्हा बायकोनं आधी सही केली आणि पेन मिस्त्रींच्या हातात दिलं. मिस्त्रींची सही नेहमी वाकडीतिकडी यायची. त्या दिवशी सरळ आली.

पुढचं सगळं रात्रीत झालं. तिला शस्त्रक्रियेसाठी आत नेताना व्हरांड्यात दोन्ही बाजूंना माणसं मान द्यायला उभी राहिली. नर्सा, डॉक्टर, झाडूवाले, दुसऱ्या पेशंटांचे नातेवाईक. कुणी बोलत नव्हतं. एका झाडूवाल्या बाईनं हळूच विचारलं, "कोण होती?"

मिस्त्रींनी मान ताठ केली. "लिफ्टमिस्त्री," ते म्हणाले. "आमची धाकटी मिस्त्री. रोज हजारभर माणसं तिच्या भरवशावर वरखाली करतात. अजून करताहेत."

सकाळी सातला समुपदेशक बाई आल्या. सगळं नीट पार पडलं, म्हणाल्या. हृदय गेलं, यकृत गेलं, दोन मूत्रपिंडं, दोन डोळे. सहा जण. नावं सांगता येत नाहीत, पण सहाही जण ठीक आहेत. बायकोनं बाईंच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्या बिचारीलाच रडू फुटलं.

मग दोघं लिफ्टपाशी आले. खाली तिला त्यांच्या ताब्यात देणार होते. दवाखान्याची पाहुण्यांची लिफ्ट होती, नवी, स्टीलची. दार उघडलं. आत कुणी नव्हतं. दोघं शिरले, मिस्त्रींनी तळमजल्याचं बटण दाबलं.

दार मिटेना. वर लाल दिवा लागला आणि घंटा वाजायला लागली.

"काय झालं?" बायकोनं विचारलं.

मिस्त्रींनी वरच्या पट्टीकडे पाहिलं. आठ व्यक्ती, असं कोरलेलं होतं. घंटा वजनाची होती. आठांच्या वर नववा चढला की ती वाजते, आणि दोन वाळक्या म्हाताऱ्यांसाठी वाजायचं तिला काही कारण नव्हतं. मिस्त्रींनी पायाखालची जमीन पाहिली. लिफ्ट मजल्यापेक्षा बोटभर खाली बसली होती. गच्च भरली की बसते, तशी.

बायको त्यांच्या जवळ सरकली. जागा पुष्कळ होती, तरी सरकली.

घंटा थांबेना. मिस्त्री समोर बघत उभे होते. मागं वळून बघायची त्यांना हिंमत नव्हती. शेवटी ते म्हणाले, चाळीस वर्षांत हजारदा म्हटलं असेल त्याच आवाजात, ना रागानं ना मायेनं...

"एकानं उतरा."

क्षणभर काही नाही. मग त्यांच्या खांद्याला हलकंसं काही घासून गेलं. गर्दीतून वाट काढत कुणी पुढं जावं तसं. पायाखालची जमीन केसभर वर उचलली गेली. एक माणूस उतरलं की उचलते तेवढीच. गुडघ्यांना ते बरोबर कळलं. घंटा थांबली. लाल दिवा विझला.

दार मिटायला लागलं.

"अहो," बायकोनं त्यांचा दंड घट्ट धरला. ती बाहेरच्या मोकळ्या व्हरांड्याकडे बघत नव्हती, मागच्या रिकाम्या कोपऱ्यांकडे बघत होती. "हे बाकीचे सहा कोण?"